नावेलाही पोट असतं!

दोस्तांनो, भूगोलाच्या तासाला नकाशा उघडा आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरावर बोट ठेवा. आता ते बोट समुद्रापर्यंत न्या. मुंबई गाठायची तर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर. मालवण तर त्याहूनही लांब. म्हणजे आपण पक्के कोरड्या मुलखातले! पाणी म्हटलं की आपल्याला पैठणचा नाथसागर आठवतो, नाहीतर नळाला पाणी कधी येणार तो दिवस.

तरीही आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या डोक्यात एक नाव तरंगत असते. छानशी शिडाची बोट. आत छोटं स्वयंपाकघर, झोपायला दोन खोल्या, छतावर सोलरचं पॅनेल. आज या बेटावर, उद्या त्या बंदरात. घरभाडं नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. जगात असे राहणारी माणसे खरोखरच आहेत बरं का! नवराबायको, मुलंबाळं, कुत्रा-मांजर असं सगळं बिऱ्हाड बोटीवर. आणि त्यांना "पैसे कुठून आणता?" असं विचारलं की बरेचजण एक सोपं उत्तर देतात: "बोट भाड्याने देतो की! पाहुणे येतात, चार दिवस फिरतात, पैसे देतात. त्यावर आमचं वर्ष निघतं."

वाह! राहायला बोट आणि कमवायलाही तीच बोट. एका दगडात दोन पक्षी! मग सगळेच असं का करत नाहीत?

हाच प्रश्न आज आपण धसाला लावणार आहोत. वही-पेन्सिल जवळ ठेवा, मध्ये एक गणित येणार आहे. आणि हो, हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या. बोटीचं स्वप्न नसलं तरी "हप्ता" हा शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचा असतो.

आधी थोडं जुनं

कोरड्या मुलखातले म्हटलं खरं, पण आपला जिल्हा जहाजांना इतकाही परका नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातल्या अशा जहाजाच्या चित्रावरूनच आपल्या नौदलासाठी खिळे न वापरता, फळ्या काथ्याने शिवून एक जहाज बांधण्यात आलं. त्याचं नाव 'कौंडिण्य'. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. म्हणजे आपल्या डोंगरातल्या भिंतीवरचं जहाज दीड हजार वर्षांनी पाण्यात उतरलं!

आणि आपलं पैठण? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या एका प्रवासपुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ते आहे आणि तिथून गाड्या भरभरून गोमेदासारखे दगड बंदरावर येतात, असं त्यात सांगितलं आहे. सातवाहन राजांच्या काही नाण्यांवर तर चक्क दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे.

आता गंमत ऐका. बोट भाड्याने देण्याचा धंदा त्याच जुन्या काळातला. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त 'नावध्यक्ष' म्हणजे नावांवरच्या अधिकाऱ्याचं एक अख्खं प्रकरण आहे. शंख आणि मोती काढणाऱ्यांनी राजाची नाव वापरली तर तिचं भाडं द्यायचं, नाहीतर स्वतःच्या नावेने जायचं. कोळ्यांनी नावेचं भाडं म्हणून मिळालेल्या मासळीचा सहावा भाग द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की, पुरेशी माणसे किंवा साधने नसल्यामुळे, किंवा डागडुजी न केल्यामुळे नाव बुडाली, तर झालेलं नुकसान नावध्यक्षाने भरून द्यायचं! डागडुजीचा खर्च टाळता येत नाही हे तेव्हाही माहीत होतं.

नावेचा वाटा

कोकणात मासेमारीचा हिशेब कसा करतात माहीत आहे का? मासळी विकून पैसे आले की ते सगळ्या माणसांमध्ये सारखे वाटून टाकत नाहीत. डिझेल, बर्फ असा खर्च आधी वजा होतो. मग वाटे पडतात. तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे, आणि त्यांच्याबरोबर होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा. गावोगावी पद्धत थोडी वेगळी, पण होडीला वाटा द्यायचा हे ठरलेलं. का? कारण होडीलाही पोट असतं! ते वेळेवर भरलं नाही तर ती एक दिवस तुम्हालाच पाण्यात सोडते.

हे पोट केवढं असतं? समुद्राचं पाणी खारट. लोखंडाला ते खातं, तारा गंजवतं, इंजिनात शिरलं की तिथेही मीठ धरतं. बोटीच्या तळाला शिंपल्यांसारखे बारीक जीव आणि शेवाळ चिकटतं. त्यामुळे वेग कमी होतो आणि डिझेल जास्त जळतं. म्हणून दरवर्षी बोट पाण्याबाहेर ओढून तळ खरवडायचा आणि त्याला खास रंग द्यायचा. लाकडी बोट असली तर लाकूड पोखरणारे समुद्री किडे टपलेलेच. शीड आणि दोर उन्हाने कुजतात. तुम्ही वापरा अगर वापरू नका, ऊन काही सुट्टी घेत नाही!

विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगून ठेवतो. बोटीच्या तळाला, पंख्याजवळ, जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरीसारखी जोडी बनते आणि त्यातला एक झिजू लागतो. जस्त आधी झिजतं, म्हणून पितळेचा किंवा काशाचा महागडा पंखा वाचतो. जस्त संपलं की नवा तुकडा लावायचा. बिचारं जस्त! दुसऱ्यासाठी झिजणं हेच त्याचं काम.

परदेशातल्या बोटवाल्यांचा एक ढोबळ अंदाज आहे. बोटीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम दरवर्षी नुसत्या तिच्या देखभालीला लागते. ४० लाखांची बोट असेल तर वर्षाला ४ लाख. ती किनाऱ्याला उभी असली तरी! आपल्याकडे याला हत्ती पोसणं म्हणतात.

चला, गणित मांडू

आता समजा, तुम्ही मोठे झालात आणि कोकणच्या किनाऱ्यावर ४० लाखांची एक बोट घेतली. पुढचे आकडे गणितासाठी धरलेले आहेत हं, कुणाच्या वहीतून उतरवलेले नाहीत. साठवलेले १५ लाख होते, बँकेकडून २५ लाख काढले. व्याज ११ टक्के, फेड ७ वर्षांत. दरमहा हप्ता येतो सुमारे ४३ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख १४ हजार.

पाहुण्यांकडून दिवसाला १५,००० रुपये भाडं घ्यायचं ठरवलं. ऐकायला किती छान! महिन्याचे तीस दिवस, तीस गुणिले पंधरा हजार... थांबा, थांबा. इथेच तर सगळे फसतात.

पहिली गोष्ट, बोट वर्षभर चालत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवासी आणि पर्यटकांच्या बोटी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद ठेवाव्या लागतात. पावसाळ्याचा समुद्र म्हणजे खेळ नाही. सप्टेंबरातही लाटा अजून शांत झालेल्या नसतात, म्हणून आपण १ ऑक्टोबर ते २५ मे एवढाच हंगाम धरू. मोजा बरं, २३७ दिवस होतात. त्यात शनिवार-रविवार किती? सुमारे ३४ आठवडे, म्हणजे ६८ दिवस. आई-बाबांना सुट्टी कधी असते? शनिवारी-रविवारी! मंगळवारी दुपारी बोटीतून फिरायला कोण येणार? दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत मधले दिवसही भरतील, पण काही रविवार वाऱ्याने, बिघाडाने किंवा पाहुणेच न आल्याने वाया जातील. म्हणून आपण वर्षाला ७० दिवस धरू.

जमा: ७० × १५,००० = १०,५०,००० रुपये. साडेदहा लाख! आता खर्चाची बाजू लिहा.

पाहुणे आणून देणाऱ्या एजंटाचं कमिशन १५ टक्के, म्हणजे १,५७,५०० रुपये. डिझेल आणि पाहुण्यांचं जेवण दिवसाला ३,००० प्रमाणे २,१०,०००. एका खलाशाचा आठ महिन्यांचा पगार, महिना १८,००० प्रमाणे, १,४४,०००. देखभाल ४,००,०००. विमा ६०,०००. परवाना, तपासणी, जेट्टीचं भाडं मिळून ४०,०००. आणि बँकेचा हप्ता ५,१४,०००.

करा बेरीज. १५,२५,५०० रुपये! जमा साडेदहा लाख. म्हणजे ४,७५,५०० रुपयांचा खड्डा. आणि अजून तुम्ही स्वतः जेवलेलाच नाहीत!

मग किती दिवस बोट भाड्याने गेली तर भागेल? प्रत्येक दिवसाच्या १५,००० मधून कमिशनचे २,२५० आणि डिझेल-जेवणाचे ३,००० वजा केले की हाती उरतात ९,७५०. बोट हलो की न हलो, वर्षाचा ठरलेला खर्च आहे ११,५८,०००. भागाकार केला तर ११९ दिवस लागतात. घरखर्चाला महिना २५,००० हवेत म्हणाल तर आणखी ३ लाख, म्हणजे १५० दिवस. २३७ पैकी १५०! म्हणजे आठवड्यातले चार-साडेचार दिवस तुमच्या बोटीवर दुसरंच कुणीतरी असायला हवं.

आता मला सांगा, मग त्या बोटीवर तुम्ही राहणार कधी?

घर भाड्याने दिलं, आपण कुठे जायचं?

माझ्या मते खरी गोम इथे आहे, पैशाच्या बेरजेत नव्हे. बोट हेच जर तुमचं घर असेल, तर ज्या दिवशी ते कमावतं त्या दिवशी ते तुमचं नसतं. आणि कमावण्याचे दिवस कुठले? हवा छान, समुद्र निळाशार, चांदणं पडलेलं, ते! तुमच्या वाट्याला काय येतं? जून-जुलैचा धो धो पाऊस, गळणारी खिडकी आणि पाण्याबाहेर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली बोट.

यावर जगात लोकांनी वेगवेगळे उपाय काढले. काश्मीरमधल्या श्रीनगरचं दल सरोवर तुम्ही फोटोत पाहिलं असेल, कुणी सहलीला जाऊनही आलं असेल. महाराजांच्या राजवटीत इंग्रजांना तिथे जमीन विकत घेता येत नव्हती. तेव्हा त्यांनी युक्ती केली. जमिनीवर घर नको, पाण्यावर चालेल! त्यातून देवदाराच्या लाकडाच्या, नक्षीदार हाऊसबोटी तयार झाल्या. आज पाहुणे या झोकदार हाऊसबोटीत उतरतात आणि मालकाचं कुटुंब पुष्कळदा मागच्या साध्या 'डुंग्या'त किंवा छोट्या खोलीत राहतं. पुढे गालिचा आणि झुंबर, मागे चूल आणि मुलांचा अभ्यास. मालकाची पोरं स्वतःच्या पुढच्या खोलीत कधी झोपत असतील?

हंगाम बुडाला तर काय होतं हेही तिथल्या लोकांना चांगलं माहीत आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये महापूर आला. २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि पर्यटकांनी भराभर तिकिटं रद्द केली. पाहुणे नाहीत म्हणून देवदाराचं लाकूड कुजायचं थांबत नाही.

दुसरा उपाय युरोपात आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवर दिसतो. नवरा कप्तान, बायको स्वयंपाकीण, आणि पाहुण्यांसोबत दोघेही बोटीवरच. मोठी खोली पाहुण्यांना, आणि हे दोघे पुढच्या टोकाच्या अरुंद जागेत, दोर आणि शिडांच्या शेजारी. पहाटे पाचला उठायचं, चहा-नाश्ता, भांडी, संडास साफ करायचा, शीड चढवायचं, संध्याकाळी नांगर टाकायचा, आणि दिवसभर चेहऱ्यावर हसू ठेवायचं. पाहुणे आठवड्याने निघून जातात. दुसऱ्या दिवशी नवे हजर!

तिसरा उपाय असा: बोट तुमच्या नावावर, पण ताबा कंपनीकडे. १९६९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर चार्ली आणि जिनी केरी या जोडप्याने 'द मूरिंग्स' नावाची कंपनी सुरू केली. अशा कंपन्या तुमची बोट भाड्याने देतात, देखभाल बघतात, आणि मालकाला वर्षातले ठरावीक आठवडे फिरायला देतात. व्यवहार म्हणून वाईट नाही. पण याला बोटीवर राहणं म्हणत नाहीत. आपल्याच घरी पाहुणा म्हणून जाणं म्हणतात!

आपल्या किनाऱ्यावर

"हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे काय?" असं विचाराल. आपल्याकडे बोटीतच कायमचं बिऱ्हाड थाटणारे जवळजवळ नाहीतच. पण बोटीला भाड्याने लावून घर चालवणारे पुष्कळ आहेत. मालवणला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहायला होडीतूनच जावं लागतं. तारकर्ली-देवबागला डॉल्फिन दाखवायला, कर्लीच्या खाडीत फिरवायला, पाण्याखालची दुनिया दाखवायला होड्या निघतात. त्यातल्या कितीतरी घरांचा मूळ धंदा मासेमारीचा. मासळी कमी मिळू लागली, डिझेल महागलं, तेव्हा त्यांनी पर्यटकांकडे मोर्चा वळवला. तारकर्लीला एमटीडीसीने कर्ली नदीत हाऊसबोटीही आणल्या होत्या.

या लोकांचं शहाणपण कशात आहे सांगू? त्यांनी होडीला घर केलं नाही. घर किनाऱ्यावर, माडाखाली. होडी कमावते. घरात दोन खोल्या पाहुण्यांना, अंगणात मासळीचं जेवण, कोकमाचं सरबत, पावसाळ्यात जाळी विणणं आणि थोडी भातशेती. एक धंदा आटला तर दुसरा असतो. सगळे पैसे एका होडीत घालायचे नाहीत, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नाही.

होडी घेतली की सरकारी तपासणी आली. किती माणसे बसवायची याचा आकडा ठरलेला असतो. लाइफ जॅकेट हवीत. हा खर्च वाचवावासा वाटतो, दोन माणसे जास्त बसवावीत असंही वाटतं, कारण हप्त्याची तारीख जवळ आलेली असते. पण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची एक बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि एका क्षणात शंभरावर माणसे संकटात सापडली. बोटीत चढलात की आधी जॅकेट घाला. "फोटो चांगला येत नाही" म्हणून काढू नका. मालकाच्या खर्चात हा एकच खर्च असा आहे की ज्यावर घासाघीस करायची नसते.

आता थोडं गोव्याकडे बघू. तिथे मांडवी आणि जुवारी नद्यांतून लोहखनिज वाहून नेणाऱ्या लांबलचक बार्ज चालायच्या. त्यांच्यावरचे कामगार बार्जवरच राहायचे, तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे. कितीतरी लोकांनी बँकेचं कर्ज काढून बार्ज घेतल्या होत्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोडी सुरू झालेली कामं मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबली. बार्ज नदीत उभ्या राहून गंजू लागल्या आणि हप्ते मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहिले. शेवटी सरकारला कर्जातून दिलासा देण्याची योजना काढावी लागली. मालकांचं चुकलं काय? नाव चांगली होती, खलाशी चांगले होते. फक्त तिचं पोट एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून होतं.

आणि आपला नाथसागर? त्यात हाऊसबोट ठेवून राहायचा बेत कुणाच्या मनात आला असेल तर तो आत्ताच सोडा! ते आपलं पिण्याचं पाणी आहे, आणि १९८६ पासून जायकवाडी हे पक्षी अभयारण्यही आहे. तिथे पाण्यावर बिऱ्हाड करण्याचा हक्क फक्त बदकांना आणि रोहित पक्ष्यांना. त्यांना भाडं पडत नाही.

मग निघाले ते कसे निघाले?

एवढं ऐकून हिरमुसलात? थांबा, आता जरा मजेची माणसे भेटवतो.

जोशुआ स्लोकम हे नाव ऐकलंय? एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस. त्याला कुणीतरी शेतात पडलेली एक सडकी बोट फुकट दिली. त्याने स्वतः झाडं तोडून ती नव्याने बांधली. वेळ लागला १३ महिने आणि सामानाला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. पैन् पैचा हिशेब ठेवला होता पठ्ठ्याने! २४ एप्रिल १८९५ ला बोस्टनहून निघाला. वेळ पाहायला घड्याळ घेतलं ते दीड डॉलरचं, पण त्याची तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न बंदरात त्याच्याकडून बंदराचा कर घेतला. तेव्हा त्याने काय केलं? बोट बघायला येणाऱ्यांकडून सहा-सहा पेन्स घेतले. ती गर्दी कमी झाल्यावर एक शार्क पकडला आणि तो बघायचे सहा पेन्स! ठिकठिकाणी प्रवासाची भाषणं दिली, परत आल्यावर पुस्तक लिहिलं. तीन वर्षांनी, जून १८९८ मध्ये, तो घरी पोचला. पाहिलंत ना? बोट भाड्याने न देता त्याने बोटीची गोष्ट विकली.

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने २४ फुटांची बोट स्वतः बांधली, १९६८ मध्ये पाण्यात सोडली आणि तीत इंजिनच बसवलं नाही. इंजिन नाही तर डिझेल नाही, दुरुस्ती नाही! पैसे संपले की थांबायचं, कुणाची बोट दुरुस्त करून द्यायची, कुणाची बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायची, लेख लिहायचे, आणि पुढे निघायचं. अकरा वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा झाली. मला विचाराल तर मोठ्या बोटीच्या भाड्यापेक्षा छोट्या बोटीची काटकसर पुष्कळदा जास्त लांब नेते.

आयर्विंग जॉन्सन आणि त्याची पत्नी एक्झी यांची तऱ्हा आणखी वेगळी. 'यांकी' नावाच्या जहाजावर त्यांनी तरुण मुलामुलींना घेतलं. पण प्रवासी म्हणून नाही, खलाशी म्हणून! प्रत्येकाने खर्चाचा वाटा द्यायचा आणि शिवाय दोर ओढायचे, पहारा द्यायचा, स्वयंपाकात हात लावायचा. दर फेरी दीड वर्षाची. १९३३ ते १९५८ या काळात अशा सात पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या. जॉन्सन दांपत्य आपल्या जहाजावरून कधी बाहेर पडलं नाही, कारण त्यांनी जहाज भाड्याने दिलं नव्हतं, खर्च वाटून घेतला होता.

आपल्याकडचे कमांडर दिलीप दोंदे तर तुम्हाला माहीत हवेतच. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. ही बोट नौदलाची. म्हणजे तिचं पोट देशाने भरलं. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच 'म्हादेई'तून, कुठेही न थांबता, २०१३ मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. पुढे २०२२ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत ते दुसरे आले, तेव्हा त्यांच्या बोटीचं नाव होतं 'बायानत'. हे नाव कुणाचं? त्यांना पैसे देणाऱ्या संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपनीचं! आपल्या बोटीला आवडीचं नाव देणं हीसुद्धा चैन असते.

आई-बाबांसाठी एक गोष्ट राहिलीच: बोटीवरच्या मुलांच्या शाळेचं काय? परदेशातली अशी कुटुंबं सकाळी बोटीतच वर्ग भरवतात. आपल्याकडे शाळेत न जाता परीक्षा देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. म्हणजे "बोटीवर राहिलो तर गणितातून सुटका" असं कुणी समजत असेल, तर नाही हं! उलट नावेवर गणित जास्तच लागतं. वारा, भरती-ओहोटी, पिण्याचं पाणी किती लिटर उरलं, आणि हप्ता.

शिडाची बोट चालवायला शिकायची असेल तर बोट विकत घ्यावी लागत नाही. शाळा-कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा असेल तर चौकशी करा. समुद्र नसलेल्या हैदराबादमध्ये हुसेन सागर तलावात शाळकरी मुलं शिडाच्या छोट्या बोटी शिकतात आणि देशभरच्या स्पर्धांत उतरतात. त्यात हातावर पोट असलेल्या घरांतली मुलंही आहेत. आपल्यापेक्षा त्यांचा समुद्र काही जवळ नाही!

जाता जाता तुमच्यासाठी दोन गणितं. मघाच्या हिशेबात सात वर्षं झाली आणि बँकेचं कर्ज फिटलं. बाकी सगळं तेच, घरखर्चही महिना २५,०००. तर आता बोट वर्षाला किती दिवस भाड्याने जायला हवी? आणि दुसरं: कर्ज आहेच, पण भाडं १५,००० ऐवजी २०,००० केलं, तर किती दिवस? कमिशन १५ टक्केच ठेवा, ते विसरू नका.

(उत्तरे: पहिल्याचे ९७ दिवस, दुसऱ्याचे १०५ दिवस. पण २०,००० द्यायला पाहुणे तयार होतील का, ते रविवारी जेवताना घरी विचारून बघा.)